कुष्ठरोगाचा जंतु मनुष्यदेहाबाहेर कोठें राहतो? माती, प्राणी आणि जुनीं दप्तरें

डॉ. भाऊ दाजी लाड यांचें नांव या त्रैमासिकाच्या वाचकांस अजिंठ्याच्या लेखांचे वाचक आणि जुन्या पोथ्या व ताम्रपट यांचे संग्राहक म्हणून परिचित आहे. हॅरी आर्बथनॉट ॲक्वर्थ हें नांव पोवाड्यांमुळें परिचित आहे. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्या साहाय्यानें त्यांनीं ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह १८९१ सालीं प्रसिद्ध केला. या दोघांच्या चरित्रांत आणखी एक समान धागा आहे व तो इतिहासाच्या अभ्यासकांकडून सहसा उपेक्षिला जातो. भाऊ दाजींनीं महारोगावर कडू कवठीच्या तेलाचे प्रयोग केले. ॲक्वर्थ यांनीं मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर असतां १८९० सालीं माटुंग्यास महारोग्यांसाठीं आश्रम उघडला. वडाळ्याचें ॲक्वर्थ कुष्ठरोग रुग्णालय तें हेंच.

त्या काळीं या रोगाचें मूळ कोणासच निश्चित ठाऊक नव्हतें. नॉर्वे देशांतील बर्गेन शहरीं आर्मोर हॅन्सन यांनीं १८७३ सालीं रोग्याच्या अंगावरील गांठींत काडीसारखे सूक्ष्म जंतु पाहिले होते हें खरें. परंतु ते जंतु देहांत येतात कोठून याविषयीं वैद्यांत एकवाक्यता नव्हती. कोणी आनुवंशिकतेस दोष देत, कोणी दलदलीच्या हवेस. इंग्लंडांतील विख्यात शस्त्रवैद्य जोनाथन हचिन्सन यांनीं तर नासकी मासळी खाण्यानें हा रोग होतो, असें प्रतिपादन करणारा ग्रंथ १९०६ सालीं लिहिला. मासळीस न शिवणाऱ्या कुटुंबांतही रोगी सांपडत, एवढ्या एका गोष्टीनें ही उपपत्ति ढांसळली. कोंकणच्या लोकांनीं तिची काळजी करण्याचें कारण उरलें नाहीं. आज या प्रश्नाचा मोठा भाग सुटला आहे. उपचार न झालेल्या, बहुजंतुक रोग्याच्या नाकातोंडांतून उडणाऱ्या तुषारांबरोबर जंतु बाहेर पडतात व दीर्घ सहवासांत असलेल्या माणसाच्या देहांत शिरतात, असें बहुतेक तज्ज्ञ मानतात. परंतु एक कोपरा अद्यापि अर्धवट अंधारांत आहे. मनुष्यदेहाबाहेर, मातींत, पाण्यांत किंवा वन्य प्राण्यांत या जंतूचें घर आहे काय? आणि असल्यास त्या घरांतून तो पुनः माणसाकडे येतो काय?

हा प्रश्न वैद्यांचा आहे, मग तो या पृष्ठांत कां आणावा, असें कोणी विचारील. त्यास उत्तर असें कीं, या शोधाच्या जवळजवळ प्रत्येक टप्प्यावर जुन्या नोंदवह्यांनीं, जुन्या हाडांनीं व जुन्या कागदांनीं साक्ष दिली आहे. दुसरें कारण व्यवहाराचें आहे. महारोग्यांच्या आश्रमांचीं दप्तरें हातीं घेण्यास पुष्कळ लोक कचरतात. असे कागद घरांत ठेवूं नयेत, जाळून टाकावे, असें सुशिक्षितांच्याही तोंडून ऐकूं येतें. जंतु देहाबाहेर किती काळ टिकतो हें कळल्यावांचून या भीतीस उत्तर देतां येत नाहीं.

प्रथम शब्दांविषयीं. जुन्या कागदांत ‘कुष्ठ’ हा शब्द दिसला कीं आजचा कुष्ठरोग समजावयाचा, ही घाई घातक आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानांत पांचव्या अध्यायीं अठरा कुष्ठें सांगितलीं आहेत, सात महाकुष्ठें व अकरा क्षुद्रकुष्ठें. त्यांत दद्रु म्हणजे नायटा हाही महाकुष्ठांत मोडला आहे. अर्थात् ‘कुष्ठ’ हें त्वचेच्या अनेक विकारांचें कुलनाम आहे. उलट, बधिरता व बोटें झडणें हीं ज्या रोगाचीं खरीं चिन्हें, त्यांचा कांहीं अंश वातरक्ताच्या प्रकरणांत विखुरलेला आढळतो. मराठींत ‘कोड’ म्हणजे पांढरे डाग. त्याचा कुष्ठजंतूशीं कांहींएक संबंध नाहीं. ‘रक्तपिती’ हा मराठी शब्द मात्र महारोगवाचक आहे. आणि येथेंच दुसरा खळगा आहे, कारण आयुर्वेदांतील ‘रक्तपित्त’ हा नाकातोंडांतून रक्त जाण्याचा अगदीं निराळा विकार होय. संस्कृत वैद्यकाची पोथी व मराठी पत्र यांतील हा एकच दिसणारा शब्द दोन भिन्न रोग सांगतो. एवढें मात्र लक्षांत घेण्याजोगें आहे कीं, त्याच पांचव्या अध्यायाच्या शेवटीं सुश्रुतानें सहवास, स्पर्श, एकत्र भोजन, एकत्र शय्या यांच्या योगें कुष्ठ एकापासून दुसऱ्यास जडतें असें स्पष्ट म्हटलें आहे. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संस्थेनें १८६७ च्या आपल्या अहवालांत हा रोग सांसर्गिक नाहीं असा निर्वाळा दिला होता, हें ध्यानीं घेतां सुश्रुताच्या या वचनाचें मोल कळतें.

या निर्वाळ्यास हिंदुस्थानांतून ज्यांनीं हरकत घेतली त्यांत हेन्री व्हँडाइक कार्टर हे प्रमुख होत. ‘ग्रेज अनॅटमी’ या जगप्रसिद्ध शारीरग्रंथांतील चित्रें काढणारे ते हेच. १८५८ सालीं ते मुंबईस आले, ग्रँट मेडिकल कॉलेजांत शारीरशास्त्राचे अध्यापक झाले व पुढें कांहीं वर्षें साताऱ्यास सिव्हिल सर्जन होते. रोग कोणत्या तालुक्यांत किती, कोणत्या घराण्यांत किती, याचे आंकडे त्यांनीं जमविले व १८७३ सालीं ते नॉर्वेस गेले. कारण त्या काळीं महारोगाचें व्यवस्थित दप्तर जगांत एकाच देशीं होतें आणि तो देश नॉर्वे. मुंबई इलाख्यांतील आंकडे घेऊन बर्गेनच्या आंकड्यांशेजारीं ठेवण्याची ही दृष्टि अस्सल संशोधकाची होती.

त्या दप्तराची थोडी हकीकत सांगणें अवश्य आहे. १८५६ सालीं नॉर्वेंत सर्व देशांतील महारोग्यांची एकच नोंदवही सुरू झाली. जिल्ह्याजिल्ह्यांतील सरकारी वैद्यानें प्रत्येक रोग्याचें नांव, जन्मस्थळ, तो ज्या शेतवाडीवर राहतो तिचें नांव, रोग सुरू झाल्याचें वर्ष, नातलगांत कोणास रोग आहे, हें लिहून कळवावयाचें. रोग्याची वाडी बदलली तरी नोंद, मृत्यु झाला तरी नोंद. आठ हजारांहून अधिक माणसांचीं आयुष्यें अशा रीतीनें त्या वह्यांत उतरलीं. हॅन्सन यांनीं जंतु पाहिला तो सूक्ष्मदर्शकाखालीं. परंतु रोग सांसर्गिक आहे अशी त्यांची खात्री त्यापूर्वींच या वह्यांवरून होत चालली होती. ज्या प्रांतांत रोग्यांस रुग्णालयांत वेगळें ठेवण्याची व्यवस्था अधिक झाली, तेथें पुढील वर्षांत नवे रोगी कमी झाले, असें आंकडे सांगत होते. या दप्तराचा समावेश युनेस्कोच्या ‘जगाची स्मृति’ या सूचींत २००१ सालीं झाला.

प्रत्यक्ष प्रयोगानें संसर्ग सिद्ध करण्याच्या नादांत हॅन्सन यांनीं १८७९ सालीं एका रोगी स्त्रीच्या डोळ्यांत, तिची संमति न घेतां, दुसऱ्या रोग्याच्या गांठींतील द्रव्य घातलें. तिनें दाद मागितली व १८८० सालीं न्यायालयानें त्यांस रुग्णालयांतील पदावरून दूर केलें. शास्त्राच्या इतिहासांत रोग्याच्या संमतीच्या प्रश्नाचा हा एक पहिला निवाडा होय, म्हणून त्याचा उल्लेख केला. जंतूच्या मागावर याहून निर्दोष आणि अधिक फलदायी प्रवास त्यांनीं १८८८ सालीं केला. नॉर्वेंतून अमेरिकेस जाऊन मिनेसोटा व आसपासच्या प्रांतांत वसलेल्या कुटुंबांत कांहीं महारोगी होते. त्यांच्या संततीचा हॅन्सन यांनीं शोध घेतला, तों मुलांनातवंडांत रोग आढळला नाहीं. यावरून आनुवंशिकतेचा पक्ष लंगडा पडला. परंतु दुसरा एक प्रश्न त्यांतूनच उभा राहतो: तीच माणसें, तोच जंतु, मग नव्या भूमींत तो कां रुजला नाहीं? राहणी सुधारली, घरें ऐसपैस झालीं, हें एक उत्तर. नॉर्वेच्या किनाऱ्यावरील ओल्या भूमींत असें कांहीं होतें, जें तेथें नव्हतें, हें दुसरें संभाव्य उत्तर.

हें दुसरें उत्तर तपासून पाहण्याचा मोह सुमारें शंभर वर्षांनंतर शास्त्रज्ञांस झाला. बर्गेनचे लोरेंट्झ इर्गेन्स यांनीं जुनी नोंदवही पुनः उलगडली, तेव्हां पश्चिम किनाऱ्यावरील दमट पट्ट्यांत रोगाचें प्रमाण अधिक होतें असें दिसलें. मग जर्मनींतील जंतुशास्त्रज्ञ काझ्दा यांच्यासह, जेथें पूर्वीं रोग होता अशा भागांतील ओलें शेवाळ त्यांनीं तपासलें. स्फॅग्नम नांवाच्या या शेवाळांत त्यांस असे जंतु मिळाले कीं, जे प्रयोगशाळेंतील कोणत्याही कृत्रिम अन्नावर वाढेनात, परंतु उंदराच्या तळपायांत घातले असतां सावकाश वाढत. कुष्ठजंतूचें लक्षण हेंच. १९८० च्या सुमारास हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नॉर्वेंत तोंवर रोग नामशेष झाला होता; बर्गेनच्या सेंट यॉर्गन रुग्णालयांतील शेवटचे दोन रोगी १९४६ सालीं वारले. रोगी नाहींसे झाले तरी शेवाळांत जंतूसारखें कांहीं राहिलें होतें, आणि कोठें शोधावें हें शास्त्रज्ञांस सांगितलें एका शतकापूर्वींच्या वैद्यांच्या हस्ताक्षरानें. वाडीचें नांव लिहिण्याचा कंटाळा त्या वैद्यांनीं केला असता, तर हा शोध अशक्यच होता.

१९८६ सालीं याच काझ्दा यांनीं, इर्गेन्स व मुंबईचे डॉ. आर. गणपति प्रभृतींच्या सहकार्यानें, मुंबईच्या मातींतून असेच जंतु वेगळे केल्याचें प्रसिद्ध केलें. पुढें उत्तर प्रदेशांतील घाटमपूर आणि पश्चिम बंगालमधील पुरुलिया येथील मातीचे व पाण्याचे नमुने तपासण्यांत आले. रोग्यांच्या वस्तीच्या आसपासच्या, विशेषतः ते जेथें स्नान करीत व कपडे धूत अशा जागांच्या ओलसर मातींत कुष्ठजंतूचे अवशेष अधिक प्रमाणांत मिळाले. आणि पुरुलियाकडील मातींतला जंतु व तेथील रोग्यांच्या देहांतला जंतु एकाच पोटजातीचे निघाले.

येथें थोडें थांबलें पाहिजे. मातींत जंतु मिळाला म्हणजे मातींतून रोग झाला, असें अनुमान काढणें म्हणजे एखाद्या गांवीं पोथीची प्रत मिळाली म्हणून ग्रंथ त्याच गांवीं रचला गेला असें ठरविण्यासारखें आहे. प्रत तेथें कोणी आणली, केव्हां आणली, ती तेथें वाचली जात होती कीं माळ्यावर पडली होती, हे प्रश्न उरतातच. स्नानाच्या जागीं रोग्याच्या नाकांतून पडलेला जंतु कांहीं काळ राहणारच. मातींतील पुरावा हा संसर्गाचें कारण नसून त्याचा परिणाम असूं शकतो. शिवाय हल्लीं मातीची परीक्षा बहुधा जंतूच्या डीएनएच्या शोधानें होते. डीएनए हा जंतूचा लेख होय. लेख मिळाला म्हणजे लेखक हयात आहे, असें कोणी म्हणत नाहीं. घाटमपूरच्या अभ्यासाचें महत्त्व एवढ्यासाठीं कीं, तेथें डीएनएच्या जोडीस आरएनए या लवकर विघटित होणाऱ्या द्रव्याचा शोध घेतला गेला व त्यावरून कांहीं जंतु जिवंत असावे असें दिसलें.

जिवंत जंतु देहाबाहेर किती दिवस टिकतो, याचे प्रयोग डॉ. के. व्ही. देसिकन यांनीं केले. वर्ध्याच्या कुष्ठकार्याशीं त्यांचा निकट संबंध होता. देसिकन व श्रीवत्स यांच्या १९९५ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, ओल्या मातींत जंतु ४६ दिवसांपर्यंत, मिठाच्या पाण्यांत ६० दिवसांपर्यंत आणि सांवलींत वाळविले असतां ५ महिन्यांपर्यंत जिवंत आढळले. रोज तीन तास उन्हांत ठेवूनही ते ७ दिवस टिकले. प्रत्येक वेळीं कसोटी उंदराच्या तळपायाचीच. २०१४ सालीं आणखी एक गोष्ट पुढें आली. पाण्यांत व चिखलांत सर्वत्र असणारा अमीबा हा एकपेशी जीव कुष्ठजंतूस गिळतो, परंतु पचवीत नाहीं. अमीबा स्वतः कवच करून निद्रिस्त झाला असतां त्याच्या पोटांत जंतु ८ महिन्यांपर्यंत तग धरतो, असें प्रयोगशाळेंत दिसून आलें. मातींतील जंतूस असा आडोसा मिळत असेल, तर केवळ मातीच्या आंकड्यांवरून त्याच्या आयुष्याचा अंदाज बांधणें बरोबर नाहीं.

संग्राहकांच्या भीतीस उत्तर या आंकड्यांतच आहे. सर्वांत अनुकूल स्थितींतही जंतूचें देहाबाहेरील आयुष्य महिन्यांनीं मोजावयाचें, वर्षांनीं नव्हे. शंभर वर्षांपूर्वींच्या आश्रमाच्या वहीच्या कोरड्या कागदावर जिवंत कुष्ठजंतु असणें शक्य नाहीं. तशा वहीपासून संग्राहकास अपाय होईल तो धुळीचा व बुरशीचा, आणि तो तर कोणत्याही रुमालापासून होतो.

मातीच्या पक्षाविरुद्ध सर्वांत बलवान् साक्ष खुद्द जंतूच्याच पोथीची आहे. तमिळनाडूंतील एका रोग्यापासून मिळालेल्या जंतूची संपूर्ण जनुकसंहिता २००१ सालीं वाचली गेली. तिचीं अक्षरें सुमारें ३२ लक्ष ६८ हजार. परंतु कसर लागलेल्या पोथीसारखी तिची अवस्था आहे: सुमारें १६०० जनुकें कार्यक्षम, आणि ११०० हून अधिक अशीं कीं, त्यांचा आकार ओळखूं येतो पण अर्थ लागत नाहीं. क्षयजंतु हा याचाच चुलतभाऊ. त्याच्या पोथीशीं ताडून पाहतां, स्वतंत्रपणें अन्न मिळवून वाढण्याची पुष्कळशी सामग्री कुष्ठजंतूनें गमावली आहे. तो दुपटीस येण्यास बारा ते चौदा दिवस घेतो. इतका परावलंबी जंतु मातींत स्वतंत्र संसार थाटून राहत असेल हें संभवत नाहीं. माती त्याची धर्मशाळा असूं शकेल. घर नव्हे, असें प्रस्तुत लेखकाचें मत आहे.

घराचा शोध मग प्राण्यांकडे वळतो. या जंतूस थंड अंग मानवतें; म्हणूनच माणसांत तो त्वचा, नाक व हातापायांच्या मज्जातंतूंत वसतो. अमेरिकेंतील आर्माडिलो हा आपल्या खवल्यामांजरासारखा कवचधारी प्राणी, आणि त्याच्या देहाची उष्णता माणसाहून कमी. १९७१ सालीं किर्खहाइमर व स्टॉर्स यांनीं त्याच्यांत हा रोग उत्पन्न करून दाखविला. चार वर्षांनीं लुइझियानांतील रानटी आर्माडिलोंतही तो आढळला. प्रयोगशाळेंतून निसटला काय, असा वाद कांहीं काळ झाला. २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या तपासणींत अमेरिकेच्या दक्षिण भागांतील रानटी आर्माडिलो व तेथील कधींही परदेशीं न गेलेले अनेक रोगी यांच्या देहांत जंतूची एकच विशिष्ट पोटजात सांपडली, आणि ही पोटजात जगांत अन्यत्र आढळलेली नव्हती. प्राण्यापासून माणसास हा रोग होतो याचा आजवरचा सर्वांत भक्कम पुरावा हाच होय. गंमत अशी कीं, या आर्माडिलोंतील जंतूचें घराणें यूरोपीय आहे. म्हणजे वसाहतकारांनीं तो नेला, त्यांच्यापासून प्राण्यांस झाला, आणि आतां प्राणी तो परत करीत आहेत.

पाठभेदांवरून हस्तलिखितांची वंशावळ लावण्याची जी पद्धति आपल्या वाचकांस अवगत आहे, तीच येथें चालते. जंतूच्या संहितेंत कांहीं दशकांत एखादें अक्षर बदलतें. दोन नमुन्यांत समान ‘लेखनदोष’ आढळला तर त्यांची मूळ प्रत एक. या रीतीनें जगांतील कुष्ठजंतूचे चार मुख्य प्रकार ठरले आहेत. हिंदुस्थानांत पहिला प्रकार प्रमुख, यूरोपांत तिसरा.

या पाठचिकित्सेनें २०१६ सालीं एक विलक्षण गोष्ट उजेडांत आणली. ब्रिटनमधील तांबड्या खारींचे कान व नाक सुजलेले दिसत. तपासणी करतां त्यांस कुष्ठरोग असल्याचें ठरलें. इंग्लंडच्या दक्षिणेकडील ब्राउन्सी बेटावरील ज्या खारी तपासल्या, त्या सर्वांत जंतु सांपडला. ब्रिटनमधील माणसांत हा रोग मध्ययुगानंतर हळूहळू नाहींसा झाला होता. परंतु खारींतल्या जंतूचा पाठ विंचेस्टर येथील मध्ययुगीन महारोगाश्रमाच्या दफनभूमींतील सांगाड्यांतून मिळालेल्या पाठाशीं फार जवळचा निघाला. माणसांत लुप्त झालेली प्रत खारींच्या संग्रहीं सुरक्षित राहिली होती. २०२४ सालीं याहून पुढचा दुवा मिळाला. विंचेस्टर येथेंच उत्खननांत सांपडलेल्या मध्ययुगीन खारीच्या हाडांतून जंतूची संहिता वाचण्यांत आली, आणि ती आजच्या खारींतल्या पाठापेक्षां त्या काळच्या विंचेस्टरच्या माणसांतल्या पाठास अधिक जवळची ठरली. खारीचीं तीं हाडें कातडीं कमावणाऱ्याच्या कारखान्याच्या जागीं मिळालीं होतीं. खारीच्या केसाळ कातड्यांचा व्यापार त्या काळीं मोठा होता व श्रीमंत स्त्रिया खारी पाळीत असत. जंतु माणसांतून खारींत गेला कीं खारींतून माणसांत, हें एवढ्यावरून सांगतां येत नाहीं. आजच्या तांबड्या खारींपासून कोणास रोग झाल्याचा पुरावा नाहीं. आणि आपल्या अंगणांतील पट्टेदार खार ही तर निराळीच जात आहे, तिच्यावर कोणी संशय घेऊं नये.

२०२१ सालीं पश्चिम आफ्रिकेंतील गिनी-बिसाऊ व आयव्हरी कोस्ट येथील रानटी चिंपांझींत हाच रोग आढळल्याचें प्रसिद्ध झालें. त्या दोन ठिकाणचे जंतु निरनिराळ्या घराण्यांतले होते व माणसांत ते क्वचितच दिसतात. तेव्हां तेथें माणसावांचून दुसराच कोणी उगम असावा असा संशय बळावतो. या रोगास कारण होणारा दुसरा एक जंतु २००८ सालीं ओळखला गेला होता. २०२५ च्या संशोधनांत तो यूरोपीय लोक पोंचण्यापूर्वींपासून अमेरिकेंत होता असें प्राचीन अस्थींवरून दिसून आलें. त्यामुळें कोलंबसापूर्वीं अमेरिकेंत कुष्ठरोग नव्हता, हें पाठ्यपुस्तकी विधान आतां टिकत नाहीं.

आपल्याकडील सर्वांत जुनी साक्ष राजस्थानांत उदेपुराजवळील बालाथल येथील आहे. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनीं भाग घेतलेल्या या उत्खननांत, इसवी सनापूर्वीं सुमारें २००० वर्षांच्या थरांत एका प्रौढ पुरुषाचा सांगाडा मिळाला. दगडी कोटाच्या आंत, शेणाच्या राखेच्या थरांत त्यास पुरलें होतें. नाकाच्या व जबड्याच्या हाडांवरील खुणांवरून त्यास कुष्ठरोग असावा असें २००९ सालीं प्रसिद्ध झालें. हें निदान हाडांच्या आकारावरून केलेलें आहे. जंतूचा पाठ हातीं आला असता, तर पहिल्या प्रकाराचें वय ठरविण्यास मोठेंच साधन झालें असतें.

एकूण पुराव्याचा तोल असा दिसतो कीं, हिंदुस्थानासारख्या देशांत रोगाचा मुख्य मार्ग माणसाकडून माणसाकडे हाच आहे. २०२३ सालीं जगांत सुमारें १ लक्ष ८२ हजार नवे रोगी नोंदले गेले व त्यांतील निम्म्याहून अधिक आपल्या देशांतील होते. या सर्वांस आर्माडिलो भेटला नव्हता. परंतु पुष्कळ नव्या रोग्यांस आपला कोणा ज्ञात रोग्याशीं सहवास आठवत नाहीं, हेंही खरें. जंतु शिरल्यापासून रोग दिसूं लागेपर्यंत सरासरीनें पांच वर्षें, कधीं वीस वर्षेंही जातात. तेवढ्या काळांत कोणता शेजारी कोण होता हें माणूस विसरतो. आठवणीची ही पोकळी माती भरून काढते कीं केवळ विस्मृति, हा वाद मिटलेला नाहीं. शंभरांतील सुमारें पंचाण्णव माणसांस हा रोग जंतु शिरूनही होत नाहीं व बहुविध औषधोपचार सुरू होतांच रोगी लवकरच संसर्गदायी राहत नाहीं, या दोन गोष्टी मात्र निर्विवाद आहेत.

मार्गाविषयीं अज्ञान असलें म्हणजे कायदा कसा चुकतो याचें उदाहरण १८९८ चा महारोग्यांचा कायदा. ज्याच्या अंगीं व्रण वाहूं लागले आहेत तो महारोगी, अशी त्याची व्याख्या. आणि असा निष्कांचन मनुष्य रस्त्यावर दिसल्यास त्यास पकडून आश्रमांत डांबावयाचें. वास्तविक बधिर पायास पडलेल्या व्रणांत जंतु फारच थोडे असतात, कित्येकदां नसतातही. ज्याच्या नाकावाटे ते लक्षावधि बाहेर पडतात त्याच्या अंगावर एखादेवेळीं व्रण दिसणारही नाहीं. म्हणजे पकडला जाई तो बहुधा निरुपद्रवी भिकारी, आणि ज्यापासून धोका तो मोकळा. हा कायदा २०१६ सालीं रद्द झाला. कुष्ठरोग हें घटस्फोटाचें कारण म्हणून २०१९ पर्यंत आमच्या कायद्यांत होतें.

या कायद्याच्या अंमलानें निर्माण झालेले कागद जेथें जेथें उरले असतील, तेथें ते जपले पाहिजेत. दाखल-वह्या, वैद्यांचे शेरे, म्युनिसिपालिटीशीं झालेला पत्रव्यवहार, आश्रमाच्या विहिरीचा व मैल्याच्या निकालाचा हिशेब, यांपैकीं कांहींही क्षुल्लक नाहीं. नक्कल करतांना संग्राहकांनीं रोग्याचें मूळ गांव, पेटा व तालुका, रोग सुरू झाल्याचें वर्ष, व्यवसाय, घरांतील इतर रोगी, आणि मूळ शब्द रक्तपिती, कोड, कुष्ठ यांपैकीं कोणता आहे तो, जसाच्या तसा उतरून घ्यावा. आपल्या मतीनें ‘महारोग’ असें भाषांतर करूं नये. गांवाचें नांव अस्पष्ट असल्यास तर्कानें भरूं नये, रिकामी जागा सोडावी. प्रसिद्ध करतांना मात्र रोग्यांचीं नांवें गाळावींत, कारण त्यांचीं नातवंडें-पतवंडें त्याच गांवांत नांदत आहेत.